ऐच्छिक सुट्टी

आमच्या कचेरीतील सुट्टीचे अर्ज आमच्या मेजावरून पुढे जातात. केंद्र सरकारच्या नोकरास वर्षाकाठी १७ ठराविक सुट्ट्या मिळतात आणि त्यांखेरीज यादीत दिलेल्या सणांपैकी कोणत्याही २ दिवशी त्यास आपल्या मर्जीने घरी राहता येते. या दोन दिवसांस राजभाषेत 'प्रतिबंधित अवकाश' असे भारदस्त नाव आहे. मराठी कानांस ते मनाई केलेल्या सुट्टीसारखे ऐकू येते, आणि दिल्लीस नव्याने बदलून आलेल्या मराठी माणसाची त्यावरून एकदा तरी फसगत होते. असो. ओडिया गृहस्थ रथयात्रेसाठी अर्ज करतात, मल्याळी ओणमसाठी, बिहारी छठपूजेसाठी आणि आम्ही मराठी मंडळी गणेशचतुर्थीसाठी किंवा गुढीपाडव्यासाठी. वर्ष संपले की न घेतलेले दिवस बुडतात. पुढील वर्षाच्या खाती ते जमा होत नाहीत. डिसेंबरच्या अखेरीस नोंदवही चाळताना काही नावांपुढील दोन्ही घरे कोरी राहिलेली दिसतात. कित्येक वर्षे त्या नावांत एक नाव आमचेही होते.

सण आला असता ज्याच्या मनात काहीही हालत नाही, त्या माणसात काही उणे आहे काय, हा प्रश्न आम्हांस त्या कोऱ्या घरांवरून सुचला. त्याच्या पोटात दुसरा, अधिक अडचणीचा प्रश्न आहे. जो आनंद वाटत नाही तो इतरांकरिता दाखविणे हे कर्तव्य मानावे, की ढोंग?

साहित्याने उदासीन माणसास फारसा न्याय दिलेला नाही. डिकन्सने १८४३ साली 'अ ख्रिसमस कॅरोल' लिहिली आणि नाताळ न पाळणारा म्हणजे कंजूष व पाषाणहृदयी, हे समीकरण जगभर रूढ करून टाकले. आम्ही पेशाने कारकून असल्यामुळे त्या कथेत आमचे लक्ष मालकापेक्षा त्याच्या कारकुनाकडेच अधिक लागते. तसे पाहिले तर स्क्रूजचा खरा अपराध नाताळ न पाळणे हा नव्हेच. कारकुनाला एक दिवस भरपगारी सोडावे लागते म्हणून तो कुरकुरतो, त्याच्या शेगडीत घालावयाचा कोळसासुद्धा तो आपल्याच खोलीत ठेवतो, हा त्याचा अपराध. स्वतः नाताळ न पाळता त्याने कारकुनाला सुखाने घरी जाऊ दिले असते, तर त्याच्यावर तीन भुते सोडण्याचे डिकन्सला तरी काय कारण होते?

याहून गंभीर आरोप जर्मन तत्त्वचिंतक योसेफ पीपर यांच्या १९६३ सालच्या पुस्तकातून निघतो. जग जसे आहे तसे ते चांगले आहे, या गोष्टीस मनापासून दिलेला होकार म्हणजे उत्सव, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मग ज्याला उत्सव वाटतच नाही, तो जगालाच नकार देतो, असे ठरावयाचे काय? आम्हांस हे मान्य होत नाही. एखाद्याच्या लहानपणी दिवाळी म्हणजे वाण्याची थकलेली उधारी आणि बापाचा उतरलेला चेहरा असतो. इस्पितळातील परिचारिकेला किंवा रेल्वेच्या गार्डाला सण म्हणजे दुप्पट काम, इतकाच अर्थ उरतो. कोणाला सणामागील कथा पटत नाही, आणि न पटलेल्या गोष्टीपुढे हात जोडणे त्याला अप्रामाणिक वाटते. या सर्वांस एकाच सुपात घालून 'अरसिक' म्हणणे ही विचार टाळण्याची सोय आहे.

आमच्या स्वतःपुरती आम्ही बराच काळ एक सबब पुढे करीत असू. ती अशी की, परमुलखात सण लागतच नाही. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे आमचा श्रावण सुरू होतो तेव्हा शेजाऱ्यांचा श्रावण निम्मा सरलेला असतो. येथील बायका वटसावित्री ज्येष्ठ अमावास्येला करतात. आमच्या सौभाग्यवती त्यानंतर पंधरा दिवसांनी, पौर्णिमेला, सुताचे रीळ घेऊन वडाकडे जातात. तेव्हा त्या झाडाला शेजारणींचे जुने, धुळीने माखलेले सूत गुंडाळलेले असते आणि पारावर दुसरे कोणीही नसते. पोळ्याच्या दिवशी मातीचे बैल मांडावेत, तर गल्लीत बैल नाही, शेत नाही आणि दिवसभर कोणी त्या दिवसाचे नावही काढीत नाही.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १९१२ साली धर्मजीवनावरील आपल्या ग्रंथात जे मांडले, ते या सबबीच्या उपयोगी पडते. त्यांच्या मते माणसे आधी एकत्र जमतात, आणि त्या जमण्यातूनच ती आवेगाची भावना उसळते. एकेकट्या मनात ती आधीपासून साठवलेली नसते. त्याच ग्रंथात शोकासंबंधीही त्यांनी एक मार्मिक विधान केले आहे. शोक ही केवळ व्यक्तीच्या भावनेची आपोआप झालेली अभिव्यक्ती नसून समूहाने लादलेले ते एक कर्तव्य असते. माणूस दुःखी असतो म्हणूनच रडतो असे नाही, रडणे त्याच्यावर बंधनकारक असते म्हणूनही तो रडतो. हे शोकाविषयी खरे असेल तर आनंदाविषयी का नसावे? समूह दूर राहिला, बंधन सुटले, भावनाही ओसरली. उदासीन माणसाचा त्यात दोष कोणता?

परंतु ही सबब अर्धीच खरी होती, हे येथे कबूल केले पाहिजे. जमण्याला येथे जागा नाही असे मुळीच नाही. जेथे चार मराठी बिऱ्हाडे तेथे मंडळ, आणि मंडळ तेथे गणपती. सार्वजनिक गणेशोत्सव हा मुळात टिळकांनी १८९३ साली हेतुपूर्वक उभा केलेला. लोकांनी जमावयाचे ठरविले की जमता येते, ही गोष्ट महाराष्ट्राला कोणी शिकवावयास नको. आम्ही मात्र दर वर्षी वर्गणी देतो, पावती नीट घडी करून पाकिटात ठेवतो आणि आरतीच्या वेळी घरी वर्तमानपत्र वाचीत बसतो. समूह आम्हांस सोडून गेला नव्हता. आम्हीच पावती घेऊन बाजूला झालो होतो.

असे का झाले याचा शोध घेऊ लागलो तेव्हा मिरजेच्या आमच्या घरातील स्वयंपाकघरापाशी येऊन थांबलो. सण हे पावसासारखे आपोआप येतात, अशी आमची लहानपणी समजूत होती. पहाटे उठावे तो अंगणात रांगोळी काढलेली, बंबात पाणी तापलेले, डबे भरलेले. नोकरी लागल्यावर एका दिवाळीस रजा घेऊन घरी गेलो होतो. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री अकराच्या सुमारास आई एकटीच चकल्या तळीत बसली होती. परगावी राहणाऱ्या माणसाच्या अंगी जो एक हळवेपणा येतो, त्याच्या भरात आम्ही म्हणालो, "आई, तुला सणांची केवढी हौस गं!" तिने झारा कढईच्या काठावर टेकवला आणि म्हणाली, "हौस कसली रे? सण जवळ आला की माझ्या पोटात गोळा येतो. लहानपणापासनंच मला सणाचं काही वाटत नाही. पण दार बंद करून कसं बसायचं? तुम्ही पोरं होता ना घरात."

त्या वेळी आम्हांस फसवले गेल्यासारखे वाटले. आमच्या बालपणीच्या आनंदाचा मूळ झरा म्हणून ज्या ठिकाणी आम्ही बोट ठेवीत होतो, तेथे पाणी नव्हतेच! आई २०१६ च्या भाद्रपदात गेली. त्यानंतर दिल्लीस परतलो आणि दीड महिन्याने दिवाळी आली.

ज्या घरी मृत्यू झाला असेल त्या घराने वर्षभर सण करू नये, तळण काढू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. आणि त्या घरची मुले फराळावाचून राहू नयेत म्हणून शेजारणींनी झाकलेली ताटे आणून द्यावीत, ही त्याच रीतीची दुसरी बाजू आहे. आम्हांस ही रीत मोठी शहाणपणाची वाटते. आनंद नसलेल्या माणसाला तिने आनंद दाखविण्यापासून मोकळे केले, परंतु एकटे सोडले नाही. सरकारी वसाहतीत ही गोष्ट कोणास ठाऊक असणार? वरच्या मजल्यावरील गृहस्थ मिठाईचा पुडा घेऊन आले आणि हसून म्हणाले, तुमच्याच सज्जात अंधार कसा? आई गेली असे त्या हसऱ्या चेहऱ्यापुढे आमच्याने सांगवेना. "आम्ही गावी निघालो आहोत," असे खोटेच बोललो आणि पुढले तीन दिवस दिवेही न लावता घरात वावरलो. मोबाईलवर दिव्यांची चित्रे येतच होती आणि प्रत्येकाला उत्तर अपेक्षित होते. वर्ष सरले, दुखवट्याची मुदत संपली. आता सुरू करा, असे म्हणणारे मोठे माणूस घरात कोणी नव्हते. अशा रीतीने एका वर्षाचा दुखवटा आमचा स्वभाव होऊन बसला, आणि त्याला आम्ही परमुलखाचे नाव दिले.

२०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. वाचकांस ती तारीख स्मरत असेल. देशभरच्या टाळेबंदीचा तो पहिला दिवस. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. सण न करण्यास इतके निर्दोष कारण आम्हांस पूर्वी कधी मिळाले नव्हते, आणि तसे आम्ही बोलूनही दाखविले. सौभाग्यवती पाट्यापाशी बसल्या होत्या; घरातले मिक्सर आदल्याच दिवशी बिघडले होते. त्या वर न पाहता म्हणाल्या, "तुम्हांला काही वाटत नाही, हे मला ठाऊक आहे. मला तरी दर वेळी कुठं वाटतं? पण तुम्ही वाटण्याची वाट बघत बसता आणि मी पुरण वाटत बसते."

आम्ही निरुत्तर झालो. उदासीनता ही बहुधा पुरुषांनाच परवडते, ही गोष्ट इतक्या वर्षांत आमच्या ध्यानात आली नव्हती. ज्या घरात कोणीतरी पुरण वाटीत असते त्याच घरात दुसऱ्या कोणाला 'आम्हांला सणांचे विशेष वाटत नाही' असे आरामखुर्चीतून म्हणता येते. आई आणि आमच्या पत्नी या दोघीही आमच्याइतक्याच उदासीन होत्या, कदाचित अधिकच. फरक इतकाच की, त्यांच्या उदासीनतेची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही.

मग आईची ती दिवाळी ढोंग होती काय? कांटने १७९७ सालच्या आपल्या नीतिशास्त्रावरील ग्रंथात म्हटले आहे की, प्रेम ही भावना असल्यामुळे ते वाटले पाहिजे असे कर्तव्य असूच शकत नाही. भावना हुकमाने उत्पन्न होत नाही. परंतु दुसऱ्याचे भले करणे हे कृत्य आहे, आणि कृत्य हे कर्तव्य होऊ शकते. हा भेद मनाशी धरला तर आईच्या चकल्या खोट्या ठरत नाहीत. तिने आनंदाचे सोंग कधी केलेच नव्हते. विचारले तेव्हा सरळ सांगितले. तिने फक्त चकल्या केल्या, आणि आनंद आम्हां मुलांचा होता. उलट चेहऱ्यावर आनंद मागणारे आजचे सण आम्हांस अधिक संशयास्पद वाटतात. बाजाराला तर आपल्या आनंदाची भलतीच निकड असते. त्याच २०२० च्या ऑक्टोबरात, बाजारातील मागणी वाढावी म्हणून, सरकारने आम्हां नोकरांस सणासाठी १०,००० रुपयांची बिनव्याजी उचल एका कार्डावर देऊ केली होती. फेड जास्तीत जास्त १० हप्त्यांत. तेही अर्ज आमच्याच मेजावरून गेले. हप्त्यांनी फेडावयाच्या उल्हासाची ही तऱ्हा आईला सांगावयास हवी होती.

त्या पाडव्याला आम्ही उठलो आणि जाळी काढण्याची लांब काठी धुऊन आणली. वसाहतीतील कडुनिंबाची एक फांदी आमच्या सज्जापर्यंत येते, तिचा डहाळा तोडला. साखरेची गाठी दिल्लीत एरवीही सहजी मिळत नाही. त्या दिवशी तर प्रश्नच नव्हता. वाटीत खडीसाखर ठेवली. त्यांनी खण आणि तांब्या बांधला, तोवर आम्ही काठी धरून उभे राहिलो. आनंद झाला असे म्हणवत नाही. मनात भीतीच अधिक होती. मिरजेला वडील एकटे होते. समोरच्या सज्जात एक वृद्ध पंजाबी गृहस्थ उभे होते. हे काय आहे, असे त्यांनी मोठ्याने विचारले आणि त्या निर्मनुष्य रस्त्यावरून ओरडून आम्हांस गुढीचा अर्थ सांगावा लागला. सांगताना काही ठिकाणी अडलो, ते आतून सौभाग्यवतींनी पुरविले. ऐकून झाल्यावर त्यांनी हात जोडले आणि घरात जाऊन आपल्या पत्नीला बोलावून आणले, तिलाही दाखविण्यासाठी.

तेव्हापासून पाडव्यापुढील घर आम्ही कोरे ठेवीत नाही. पुरण आता आम्ही वाटतो. ते अजून थोडे सरबरीत होते, आणि त्याविषयी बोलणी खावी लागतात. सण वाटू लागला काय, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच आहे. मंडळाच्या आरतीला मागील वर्षी एकदा गेलो, एकदा टाळले. नोंदवहीतील दुसरे घर या वर्षीही अजून मोकळे आहे. अर्जात कारणाचा रकाना नसतो, हे एक बरे आहे.