दारापलीकडचं कुणालाच ठाऊक नाही

जरा सैलावून बसा. हातातलं काम अर्धवट असेल तर आधी ते उरकून या. हे सावकाश वाचायचं आहे.

मनासमोर एक टेबल आणा. भोवती पाचजण. पेन्सिली, खोडरबर, कागद, वेगवेगळ्या आकारांचे फासे. पट मांडलेला असेलच असं नाही, पुष्कळदा नसतोच. एकीनं आपल्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा केलाय, त्यामागे तिची वही आहे. ती डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी. ती सांगू लागते: पायऱ्या संपल्यात, समोर गंजलेलं लोखंडी दार आहे. पलीकडून पाणी ठिबकल्यासारखा आवाज येतोय, पण मध्येच थांबतोय. एवढं बोलून ती तुमच्याकडे बघते. 'तू काय करतोस?'

उत्तर देऊ नका. प्रश्न नुसता ऐका.

दिवसभर आपल्याला कोणी ना कोणी काहीतरी विचारतच असतं. झालं का? कधी पाठवताय? डबा घेतलास का? हवं ते उत्तर विचारणाऱ्याच्या मनात आधीच ठरलेलं असतं. इथे विचारणारी खरोखर थांबली आहे. तुम्ही दार ढकलाल, कान लावाल, मागे फिराल की पलीकडे जो कोणी आहे त्याला हाक माराल, तिला माहीत नाही. जे म्हणाल त्यावरून पुढचं ठरणार. टेबलाभोवती बसून खेळायच्या या खेळांची खरी ओढ ड्रॅगनपेक्षा या थांबण्यात आहे, असं मला वाटतं.

असं विचारायची रीत पडली ती अमेरिकेत, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनमध्ये लढायांचे खेळ खेळणाऱ्या मंडळींत. तिथे खेळाडू सेनापती व्हायचा आणि पलटणी हलवायचा. १९६९ साली डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि काहींना सैन्याऐवजी गावातली माणसं वाटून दिली: नगराध्यक्ष, बँकवाला, विद्यापीठाचा प्रमुख. लढाई बाजूलाच राहिली. ही माणसं एकमेकांना कोपऱ्यात गाठून खलबतं करू लागली. वेस्लींना वाटलं, डाव फसला. खेळणाऱ्यांनी मात्र पुन्हा कधी, पुन्हा कधी म्हणून तगादा लावला. त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ब्लॅकमूरचा किल्ला आणि त्याखालची तळघरं रचली. लेक जिनीव्हा गावचे गॅरी गायगॅक्स त्या सुमारास घरी जोडे दुरुस्त करून संसार चालवत होते. त्यांनी या नव्या खेळाचे नियम लिहून काढले. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. एका खोक्यात तीन बारीक पुस्तिका, पहिल्या खेपेला हजार प्रती.

साल विसरलात तरी चालेल. 'माझी पलटण डावीकडे सरकते' म्हणणारा माणूस 'मी दार उघडतो' असं म्हणू लागला, एवढंच मनाशी धरा. दोन्ही वाक्यं एकामागून एक मनात म्हणून बघा. दुसरं म्हणताना पाठ किंचित ताठ होते का?

आता वीस बाजूंचा फासा हातात घ्या. तळहातावर तो स्वस्थ बसत नाही, घरंगळायला बघतो. सगळ्या बाजू त्रिकोणी. समोरासमोरच्या दोन आकड्यांची बेरीज २१. सुरुवातीच्या फाशांवर वीस आकडे नव्हतेच, ० ते ९ दोनदा कोरलेले असत. पुढे काही खोक्यांत आकड्यांच्या खाचा भरायला मेणाचा खडूही यायचा. आपलं नशीब आधी आपणच रंगवायचं, मग फेकायचं! समजा, दार ढकलायला १५ हवेत आणि तुमच्या ताकदीचे ३ धरायचे आहेत. म्हणजे फाशावर १२ किंवा त्याहून जास्त. विसांतल्या नऊ बाजू तुमच्या, अकरा तुमच्या विरुद्ध.

टाका. तो घरंगळतोय तेवढ्यात भोवतालचे चेहरे बघून घ्या. कादंबरी वाचताना पुढच्या पानावर काय आहे ते निदान लेखकाला माहीत असतं. इथे आडोशामागे बसलेलीही तुमच्याइतकीच मान पुढे काढून बघतेय.

फासा थांबू द्या. नजर कागदावर आणा. ही कॅरॅक्टर शीट, तुमच्या पात्राचा कागद. ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप असे सहा गुण. जुन्या पद्धतीत तीन साध्या फाशांची बेरीज करून ते ठरायचे. बेरीज बहुधा १०-११च्या आसपास. १८ पडायची शक्यता २१६ मध्ये एक. बुद्धी ६ आली तर ६, तेवढ्यावर निभवायचं. हिट पॉइंटच्या, म्हणजे अंगात किती जीव उरलाय त्याच्या, चौकटीशी थोडं रेंगाळा. इतक्यांदा खोडलंय की कागद तिथे विरत आलाय आणि आताच्या आकड्याखाली आधीचे पुसट दिसतात. एक सापळ्यात पाय अडकला तेव्हाचा. एक कुणाला वाचवायला मध्ये पडलात तेव्हाचा.

'कसली ही पळवाट' म्हणून नाक मुरडणारे असतात. पळायचंच तर मोबाइल घेऊन एकट्यालाही पळता येतं, त्यासाठी चारजणांच्या तारखा कोण जुळवत बसेल? आणि त्या जुळवणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्याहून अवघड. कितीतरी मोहिमा राक्षसांनी नाही, कॅलेंडरनं संपवल्यात. शिवाय सगळीच टेबलं काही चांगली नसतात. काही डन्जन मास्टर आपली न लिहिलेली कादंबरी ऐकवायला बसतात. 'तू काय करतोस?' तेही विचारतात, पण तुम्ही कुठूनही गेलात तरी पोचता त्यांच्याच गुहेत. अशा ठिकाणी तासाभरात जांभया येऊ लागतात.

म्हणून शेवटी आपल्या डन्जन मास्टरच्या वहीकडे बघू. तिनं दारापलीकडच्या तीन खोल्या मन लावून लिहून ठेवल्यात. तुम्ही सगळे मात्र दार तसंच सोडून पायऱ्या चढून वर गेलात, रस्त्यावरच्या खानावळीत शिरलात, आणि कुणीतरी सहज विचारलं, 'मालकाचं नाव काय?' वहीत खानावळच नाही, नाव कुठून असणार? ती क्षणभर छताकडे बघते आणि सुचेल ते सांगून टाकते. मग खाली वाकून समासात घाईघाईनं टिपून ठेवते. तुम्ही त्याला आपल्या बाकावर बसवून घेतलंय. पुढच्या वेळी आल्या आल्या त्याचीच चौकशी करणार.