ओळख

परवा दिवाळीची साफसफाई चालली असताना बायकोने माझ्या संगणकाकडे बोट दाखवले. "हे धूड एकदाचे काढा तरी, नाहीतर नीट चालते तरी करा." माझी निम्मी कादंबरी त्याच्या पोटात होती आणि ती उघडेपर्यंत चहा निवून जाई.

यंत्र २०१६ सालचे. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-११० जातीचा मदरबोर्ड. बाकी सारे धडधाकट. तेव्हा मेंदू तेवढा बदलावा, असे मी ठरवले. बोर्डावरच्या सॉकेटात ११५१ पिना. सातव्या पिढीच्या आय-सेव्हनलाही तेवढ्याच लागतात. आकडा जुळला, तेवढ्यावर मी तो जुन्या बाजारातून आणला. चपखल बसला. बटण दाबले. पंखा गरगरला, पण पडदा काळाच!

"फसवले दुकानदाराने!" मी निकाल देऊन मोकळा झालो.

माझा एक जुना विद्यार्थी संगणक दुरुस्त करतो. तो आला, पाहिले आणि हसला. "सर, प्रोसेसर उत्तम आहे. बोर्डच त्याला ओळखत नाही."

बोर्डावर बायॉस नावाची छोटी आज्ञावली असते. माझ्या बोर्डावरची होती २०१६ सालची. २०१७च्या जानेवारीत बाजारात आलेला हा पाहुणा तिला कसा ठाऊक असणार? तिला नवे शिकवायला हवे होते. पण त्यासाठी संगणक सुरू व्हायला हवा! विद्यार्थ्याने मी अडगळीत टाकलेला आय-थ्री मागून घेतला, पुन्हा जागेवर बसवला, त्याच्या जोरावर नवी बायॉस भरली आणि मगच त्याला उतरवले. आता आय-सेव्हन झटक्यात जागा झाला.

"आठव्या पिढीचा आणला असता, तर हेही साधले नसते," तो म्हणाला. "पिना ११५१च, पण त्यांची कामे बदललेली. बोर्ड करणाऱ्याची यादी आधी पाहायची, सर."

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस वर्षांपूर्वी दूरच्या पाड्यावरून एक मुलगा माझ्या वर्गात आला होता. बाकावर नीट बसे. प्रश्न विचारला की गप्प. महिन्याभरात मी त्याला मठ्ठ ठरवले. त्याची बोली वर्गात कोणालाच येत नव्हती. मलाही नव्हती. दिवाळीच्या सुटीनंतर तो परत आलाच नाही.

ओळख करून घेण्याचे ओझे कोणाचे? आलेल्याचे, की आधीपासून बसलेल्याचे? नवा गप्प राहिला की दोष त्याचाच, असे आपण धरून चालतो. सगळेच सगळीकडे जुळत नाही, हे खरे. पण निकाल देण्याआधी निदान बोर्ड तपासायला नको का? आणि जो जागेवर बसलेला आहे, त्याच्यावाचून नव्याची ओळख करून देणार तरी कोण?

यंदाही माझ्या वर्गात एक मुलगा आला आहे. तो बोलत नाही. त्याच्या घरी काय बोलतात, हे मी अजून विचारलेले नाही. सुटी संपायची वाट न पाहता, पाडव्याच्या फराळाला मी त्याला घरी बोलावले आहे.