सुरक्षित, पण कुणाच्या मूत्रपिंडाला?

मेलेल्या गिधाडाचं पोट उघडलं की हृदयावर आणि यकृतावर चुन्याचा हात दिल्यासारखा पांढरा थर दिसायचा. आपण लघवीवाटे युरिया टाकतो; पक्ष्यांची मूत्रपिंडं तीच घाण युरिक आम्लाच्या रूपात बाहेर काढतात. मूत्रपिंड बंद पडलं की हे आम्ल रक्तात साठतं आणि खडूच्या भुकटीसारखं अवयवांवर बसतं. संशोधक लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानात असे पक्षी तपासले. मूत्रपिंड निकामी झालेल्या २५ गिधाडांत, पंचविसांतही, डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडलं. इतर कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांत ते एकातही नव्हतं. हे २००४ साली प्रसिद्ध झालं. भारतात १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली.

डायक्लोफेनॅक न तपासता बाजारात आलेलं नव्हतं. माणसं गुडघेदुखीवर ते वर्षानुवर्षं घेत होती, सुजलेल्या पायाची गाय इंजेक्शननंतर उठून चरायला जात होती. ज्यांच्यावर चाचणी झाली त्यांना ते सोसत होतं. प्रश्न त्या गाईचं मढं खाणाऱ्याचा होता, आणि तो कुणी विचारला नाही. ‘सुरक्षित’ हा शब्द अर्धा आहे. ‘कुणाला’ हे सांगितल्याशिवाय तो पुरा होत नाही.

बरं, गिधाडावर तपासलं तरी कोणत्या गिधाडावर? आपल्याकडच्या गिधाडाला वजनाच्या किलोमागे पाव मिलिग्रॅमहून कमी डायक्लोफेनॅक मारू शकतं. अमेरिकेतल्या टर्की गिधाडाला त्याच्या शंभरपट डोस दिला, तरी ते जगलं. नाव गिधाडच, कुळ मात्र वेगळं.

प्राण्यांना न मारता काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर चाचणी करावी, हा आग्रह मला मनापासून पटतो. २०२३ मध्ये भारतानेही नव्या औषधांच्या नियमांत अशा पद्धतींना जागा दिली. पण दक्षिण आफ्रिकेतला एक प्रयोग मला सारखा आठवतो. तिथे कोंबडीच्या आणि गिधाडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी डायक्लोफेनॅकमध्ये ठेवल्या आणि मेलॉक्सिकॅममध्येही. मेलॉक्सिकॅम म्हणजे गिधाडांना निर्धोक ठरलेला पर्याय. ४८ तासांनी दोन्हीकडच्या पेशींना विषबाधा झाली. फरक दिसला तो औषधाशी संबंध दोनच तासांचा ठेवला तेव्हा. जिवंत पक्ष्याचं शरीर मेलॉक्सिकॅम लवकर बाहेर टाकतं, म्हणून तो वाचतो. ४८ तासांच्या बशीवरच निकाल दिला असता, तर हाताशी असलेलं चांगलं औषध आपण गमावलं असतं.

उलटी चूकही तितकीच सोपी आहे. असेक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक गाईला टोचलं की तिच्या शरीरात त्याचं डायक्लोफेनॅक होतं. गिधाडाच्या पेशींवर असेक्लोफेनॅक कितीही तपासा, वाटेत गाय आहे हे त्या पेशींना कुठून कळणार?

म्हणून, जड मनाने का होईना, मी जिवंत पक्ष्यावरच्या चाचणीच्या बाजूने आहे. ओक्स यांच्या गटाने बंदिस्त गिधाडांना औषध दिलेल्या जनावरांचं मांस घातलं; त्यातली काही मेली. ते प्रयोग झाले नसते, तर भारतात २००६ साली जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली नसती. त्या मोजक्या पक्ष्यांचं मरण मी हलकं मानत नाही. पण रानात विनानोंद, विनामोजणी चाललेला प्रयोग त्याहून कितीतरी पट क्रूर होता, आणि त्यात लाखो पक्षी गेले.

बंदीनंतरही गोठ्यात माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये कुपी तीन मिलिलिटरची करावी लागली. केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही वेदनाशामकं जनावरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. सतरा वर्षं! दरवेळी आधी शंका, मग पक्षिअभ्यासकांनी जमवलेला पैसा, गिधाडांवर चाचणी, मग अर्ज, मग वाट पाहणं. औषध विकून नफा घेणाऱ्याने यातलं काय केलं?

केंद्राच्या २०२० ते २०२५ च्या गिधाड संवर्धन आराखड्यात म्हटलं आहे, की एखादं औषध गिधाडांना विषारी ठरलं तर ते जनावरांच्या वापरातून आपोआप बाद व्हावं. चांगलं आहे, पण त्याआधी ते विकलं जात असणार. मला हा क्रम उलटा हवा. गुराढोरांसाठी नवं वेदनाशामक आणणाऱ्याने परवान्याच्या अर्जासोबतच सांगावं: हे टोचलेली गाय मेली, तर तिचं मांस खाणाऱ्या गिधाडाच्या मूत्रपिंडाचं काय होतं, आणि ते कोणत्या गिधाडावर, किती दिवस पाहिलं.