कैद : अमानत की व्यापार?

शासन माणसाचे स्वातंत्र्य काढून घेते, तेव्हा त्याच्या अन्नाची, औषधाची आणि अब्रूची जबाबदारी शासनावर येते. ही अमानत नफ्यासाठी कंत्राटदाराच्या हाती देता येईल काय?

अमेरिकेत खासगी कंपन्या तुरुंग चालवितात. केंद्रीय कैद्यांपुरते असे करार पुढे न वाढविण्याचा आदेश २०२१ मध्ये निघाला. २०२५ मध्ये तो रद्द झाला. जिथे कैद्यामागे पैसा मिळतो, तिथे तुरुंग रिकामा होणे हाच तोटा ठरतो.

इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी ‘किताबुल खराज’मध्ये खलीफा हारून रशीद यांना सांगितले, की कैद्यांचे अन्नवस्त्र बैतुलमालमधून द्यावे, त्यांना साखळदंडात भीक मागावयास पाठवू नये आणि त्यांच्या प्रकरणांची नित्य चौकशी व्हावी.

आपल्या राज्यघटनेनुसार तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. तुरुंगाचा व्यापार येथे नाही. तरीही देशातील सुमारे तीन-चतुर्थांश बंदी निकालाच्या प्रतीक्षेत आहेत. जामिनाच्या रकमेअभावी गरीब आतच राहतो. हाही अमानतीचा भंगच होय.

सूरह अद्-दहरमध्ये गरीब व अनाथाबरोबर कैद्यालाही जेवू घालणाऱ्यांची प्रशंसा आहे. भोकरमधील एखाद्या घरचा कर्ता नांदेडच्या कारागृहात असेल, तर त्या घरची चूल पेटते की नाही, हे पाहणे शेजाऱ्यांचे कर्तव्य आहे. शासनाकडे जाब मागणाऱ्यांनी आपल्या वाट्याची अमानतही सांभाळावी.