‘आम्ही’ आणि ‘ते’

१ सप्टेंबर २००७ रोजीं अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या बलाढ्य फुटबॉल-संघास ॲपलाचियन स्टेट या कनिष्ठ श्रेणींतील संघानें मिशिगनच्याच मैदानावर ३४-३२ असें हरविलें. लाखावर प्रेक्षक दिङ्मूढ झाले. अशा प्रसंगीं चाहत्यांचें सर्वनामच बदलतें. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी व त्यांचे सहकारी यांना १९७६ सालीं असें आढळलें कीं, संघ जिंकला म्हणजे विद्यार्थ्यांच्या तोंडीं ‘आम्ही’ अधिक येतें. हरला कीं तें विरळ होतें. ज्या यशांत आपल्या घामाचा थेंबहि नाहीं त्यांत वांटा मागावयाचा, आणि अपयश मात्र विशीच्या पोरांच्या माथीं मारावयाचें, ही कसली निष्ठा? ‘आम्ही हरलों’ असें जो म्हणूं शकतो, त्यालाच ‘आम्ही जिंकलों’ म्हणण्याचा अधिकार आहे.