एक कासव, दोन समुद्र

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्या एकत्र उगम पावतात, अशी श्रद्धा आहे. त्यांतली सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि पोलादपूर, महाडवरून बाणकोटच्या खाडीत जाते. कृष्णा पूर्वेला वळते. वाई, कऱ्हाड, सांगली करत ती तीन राज्यं ओलांडते आणि आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. बाणकोटच्या दक्षिणेला लागूनच वेळासची पुळण आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची मादी अंडी घालते, आणि हंसलदीवीच्या किनाऱ्यावरही घालते. साताऱ्याच्या एकाच डोंगरावरचं पाणी असं दोन समुद्रांत जातं आणि दोन्हीकडे त्याला त्याच जातीचं कासव भेटतं.

हा निव्वळ भूगोलाचा योगायोग म्हणून सोडून देता आला असता. पश्चिमेची कासवं वेगळी, पूर्वेची वेगळी, दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नसावा, असाच समज होता. समज तपासायला साधनही नव्हतं. मादी अंडी घालायला तासाभरासाठी किनाऱ्यावर येते आणि निघून जाते. नर तर पिल्लू म्हणून पाण्यात शिरल्यावर सहसा वाळूवर परत येतच नाही. म्हणजे कासवाबद्दल माणसाला जे माहीत होतं, ते मुख्यतः त्या तासाभराचं.

जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये वन विभाग, कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्थेने वेळास, आंजर्ले आणि गुहागर इथल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले. त्यांची नावं प्रथमा, सावनी, रेवा, वनश्री आणि लक्ष्मी. यंत्र कवचावर चिकटवलेलं असतं. कासव पाण्याखाली असताना ते गप्प राहतं. श्वासासाठी वर आलं की अँटेना हवेत येते आणि संदेश उपग्रहाकडे जातो. त्यावरून ठावठिकाणा काढतात. म्हणजे नकाशावरचा प्रत्येक ठिपका हा कासवाने घेतलेला एक श्वास आहे. हे लक्षात ठेवावं, पुढे उपयोगी पडेल.

पुढच्या वर्षी गुहागरला आणखी दोन माद्यांवर यंत्रं बसवली. गुहा लक्षद्वीपकडे गेली. बागेश्री मात्र दक्षिणेला जात राहिली, केरळ मागे टाकून श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. एक मादी गेली म्हणून सगळ्या जातात असं होत नाही. पण २०२५ च्या जानेवारीत उलट्या दिशेचा पुरावाही मिळाला. गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायावर ०३२३३ क्रमांकाची धातूची पट्टी सापडली. ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली होती.

दोन्ही किनाऱ्यांची कासवं एकमेकांशी जोडलेली आहेत, एकदा हे मान्य केलं की राखणीचा हिशेब बदलतो. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी पळवली जात होती, ती कुंपणात नेऊन उबवली जाऊ लागली. पुढे कासव महोत्सव आला, घरोघरी पाहुणे राहू लागले, आणि किनाऱ्यावर कासवमित्र उभे राहिले. हे काम मोठं आहे, त्यात उणं काढण्यासारखं काही नाही. मात्र ते जीवनाच्या पहिल्या दोन महिन्यांचं काम आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू मादी होऊन परतायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि ती सगळी वर्षं जाळ्यांमधून जातात.

कासवाला कल्ले नाहीत. ट्रॉलरचं जाळं तळाशी ओढलं जात असताना आत सापडलेलं कासव वर येऊ शकलं नाही की गुदमरून मरतं. उपग्रहाला ज्या श्वासामुळे कासव दिसतं, तोच श्वास जाळं अडवतं. गुहागरला ओडिशाची पट्टी सापडली त्याच जानेवारीत चेन्नईच्या आसपासच्या किनाऱ्यांवर हजाराहून अधिक मेलेली रिडले वाहून आली. त्यांतल्या एखादीची वाट कोकणातून गेली नसेलच, असं आता कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

यात घाटावरच्या माणसाचा संबंध कुठे? नदीच्या वाटेने तो लावायचा मोह होतो. सांगलीजवळ मार्च २०२३ मध्ये कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला तेव्हा बऱ्याच जणांना समुद्र आठवला असेल. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर एवढी धरणं ओलांडून सांगलीचं पाप हंसलदीवीपर्यंत किती पोचत असेल, याची मला शंका आहे. उलट धरणांमुळे गाळ अडतो, नदीच्या मुखाशी वाळू कमी पडते आणि किनारा खचतो, ही तक्रार जास्त खरी आहे. घाटावरचा थेट संबंध मासळी बाजारात आहे. रत्नागिरीची मासळी घाट चढून येते आणि त्यातली कोळंबी तळाशी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यातलीही असते.

या जाळ्यात लोखंडी गजांची चौकट बसवता येते. कोळंबी गजांतून आत जाते, कासव अडून वरच्या झडपेतून बाहेर पडतं. ही चौकट नीट वापरली जात नाही, म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं. मच्छीमार म्हणतात, झडपेतून मालही निसटतो, आणि ते खोटं नाही. हा तोटा एकट्या ट्रॉलरवाल्याने सोसावा, हे मला न्यायाचं वाटत नाही. महाराष्ट्राने निम्मी वाट आधीच चालली आहे: संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते, ही योजना २०१८ च्या डिसेंबरपासून आहे. तीच भरपाई चौकटीतून निसटलेल्या मालालाही द्यावी, आणि सांगली-साताऱ्याच्या गिऱ्हाइकाने चौकटीच्या जाळ्यातल्या कोळंबीला किलोमागे चार पैसे जास्त मोजावेत.