व्रत कोणाचे, ताट कोणाचे

शाळेत आठवड्यातून एकदा मुलांना अंडे द्यावे की नाही, हा महाराष्ट्रातला वाद वरवर पाहता आहाराचा आणि पैशाचा आहे. मुळात तो धर्माचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तरही धर्माच्याच बाजूने शोधायला हवे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारात अंडे आणले. न खाणाऱ्यांना केळे द्यायचे ठरले. विरोध झाला, तेव्हा ज्या शाळेत ४० टक्के पालकांची हरकत असेल तिथे कोणालाच अंडे देऊ नये, असे ठरले. जानेवारी २०२५ मध्ये सरकारी पैसाही थांबला. अंडी द्यायचीच असतील तर लोकसहभागातून द्या, असे शाळांना सांगण्यात आले. यातली मधली पायरी मला सर्वांत घातक वाटते. पैसा आज नाही, उद्या मिळू शकेल. पण एका घरचा नेम दुसऱ्या घरच्या मुलाच्या ताटावर लादता येतो, आणि तोही बहुमत नसताना, हे एकदा मान्य झाले की गोष्ट अंड्यापाशी थांबत नाही. कर्नाटकात शाळेच्या जेवणातल्या कांदा-लसणावरूनही वाद झालाच.

ज्या परंपरांच्या नावाने हा विरोध होतो, त्या परंपरांनी व्रताचा विचार फार बारकाईने केलेला आहे. तुळशीची माळ घालणारा वारकरी मांसाहार सोडतो, पण ती माळ तो स्वतःच्या गळ्यात घालतो. गावाच्या गळ्यात नाही. जैन धर्माने मुनींची महाव्रते आणि गृहस्थांची अणुव्रते वेगळी ठेवली, कारण ज्याची जेवढी तयारी तेवढेच व्रत त्याला पेलते. बौद्धांच्या विनयपिटकात तर याच प्रश्नाची नोंद आहे. मासे-मांस साऱ्या भिक्खूंना कायमचे वर्ज्य करा, अशी मागणी देवदत्ताने केली आणि बुद्धाने ती सक्ती नाकारली. जिथे घर सोडून आलेल्या भिक्खूंवरही ही सक्ती झाली नाही, तिथे दुसरीतल्या मुलीवर, तिने किंवा तिच्या आईवडिलांनी न घेतलेल्या व्रताची सक्ती कोणत्या धर्माने करायची? स्वतः न खाणे हा त्याग आहे. दुसऱ्याला मिळू न देण्यात त्याग कुठला?

प्रथिने डाळीतूनही मिळतात, मग अंड्याचाच आग्रह का, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. भात-डाळ एकत्र खाल्ली तर प्रथिनांची प्रत चांगली सुधारते. शेंगदाणे, सोयाबीन, दूध हेही पर्याय आहेत. पण शाळेच्या स्वयंपाकघरात डाळीत पाणी वाढवता येते, दुधातही येते. अंडे पातळ करता येत नाही. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, आणि प्राथमिकच्या मुलाला या योजनेतून दिवसाला १२ ग्रॅम मिळावीत असा दंडक आहे. वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसलेले बी-१२ जीवनसत्त्वही त्यात असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. ज्यांच्या घरी दूध-तूप आहे त्यांच्यासाठी डाळ की अंडे ही निवड आहे. शाळेची खिचडी हेच ज्यांचे दिवसाचे भरवशाचे जेवण, त्यांच्यासाठी ती निवड नाही.

शाळा सर्वांची आहे, म्हणून वादाची वस्तू बाजूला ठेवावी, हा दुसरा आक्षेप सौम्य दिसतो. पण वस्तू काढून टाकणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. त्यात एका पक्षाचे म्हणणे पूर्ण मान्य होते आणि दुसऱ्याचे पूर्ण अमान्य. शाकाहारी मुलाच्या ताटात नको ते पडेल, ही भीती मात्र खरी आहे आणि तिची काळजी घेणे शाळेचे कर्तव्य आहे: वेगळे भांडे, वेगळी पळी, आणि केळे घेणाऱ्याला पंगतीत वेगळे न बसवणे. राहिला अहिंसेचा प्रश्न, आणि तो सर्वांत गंभीर आहे. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचे हाल कोणाही संवेदनशील माणसाला अस्वस्थ करतील. पण ते थांबवायचे तर पोल्ट्रीचे नियम बदलावे लागतील, बाजारातून अंडी विकत घेणाऱ्या मोठ्यांना झळ सोसावी लागेल. ती सोसण्याआधी सुरुवात सरकारी शाळेतल्या मुलापासून करणे हे अहिंसेचेही रक्षण नाही.

निर्णय शेवटी शाळा व्यवस्थापन समितीत येतो, आणि तिथे पालकच बहुसंख्य असतात. त्यांनी हात वर करून मोजणी करण्याचे कारण नाही. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येक घराला एकच प्रश्न लेखी विचारावा: तुमच्या मुलाला अंडे हवे की केळे? शेजारच्या मुलाने काय खावे, हा रकाना त्या कागदावर नसावा.